गॅस आला, पण भट्टी मोजली का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेसंबंधीच्या सुनावणीत लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम स्वच्छ इंधनावर यायला सांगितले. बॉयलरच्या बाबतीतही वारे त्याच दिशेचे आहे. भोसरी, चाकण, तळोजा अशा औद्योगिक वसाहतींत पाइपगॅस पोहोचला आहे आणि डिझेल, फर्नेस ऑइल किंवा लाकूड सोडून कारखाने गॅसकडे वळत आहेत. याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. मात्र इंधन बदलताना एक गोष्ट पाहायची हमखास राहून जाते. तिच्याकडे उद्योजकांचे, बेकरीमालकांचे आणि परवानगी देणाऱ्या कार्यालयांचे लक्ष जावे म्हणून हे पत्र. ती गोष्ट म्हणजे जिथे गॅस जळणार त्या भट्टीची लांबी.

बर्नरची चौकशी बहुधा एका वाक्याची असते: "एक टनाचा बॉयलर आहे, गॅस बर्नर केवढ्याला?" मग हिशेब होतो. तासाला एक टन वाफेला ५,४०,००० किलोकॅलरी उष्णता लागते. बॉयलरची कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर बर्नरला सुमारे ७१० किलोवॅट, म्हणजे ताशी ७२ घनमीटरच्या आसपास गॅस जाळावा लागतो. हा आकडा ज्या बर्नरच्या पाटीवर बसतो तो मागवला जातो, जुन्या बर्नरच्या जागी बोल्टने आवळला जातो, ज्योत निळी दिसते, वाफ चढते आणि बिल निघते. या सगळ्यात भट्टीत टेप घालून कोणी पाहिलेले नसते.

ज्योतीला जागा लागते. गॅस हवेत मिसळायला अंतर लागते आणि मिसळल्यावर शेवटचा कार्बन मोनॉक्साइड जळून कार्बन डायऑक्साइड व्हायला वेळ लागतो. हे सगळे पाण्याने वेढलेल्या भिंतीला ज्योत टेकण्यापूर्वी उरकावे लागते. दहा किलो दाबाच्या बॉयलरमध्ये पाणी सुमारे १८४ अंशांवर उकळते, म्हणजे त्या पाण्याला लागून असलेली भिंत दोनशे-अडीचशे अंशांची. आपल्याला ती भाजेल, पण हजार-दीड हजार अंशांच्या ज्योतीच्या हिशेबाने ती बर्फासारखी थंड आहे. ज्योतीचे टोक तिच्यावर आपटले की तिथली ज्वलनक्रिया अर्धवट विझते आणि कार्बन मोनॉक्साइड, ज्याला या धंद्यात सगळे 'सीओ' म्हणतात, तसाच चिमणीतून बाहेर पडतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. डोळे चुरचुरले तर ते अर्धवट जळलेल्या इतर वायूंमुळे, आणि तेही दरवेळी होईलच असे नाही.

किती जागा लागते याचा ढोबळ अंदाज कोणालाही काढता येतो. युरोपातल्या ईएन ६७६ या मानकात फॅनच्या गॅस बर्नरची चाचणी ठरावीक मापाच्या नळीत घेतात आणि नळीची लांबी बर्नरच्या भाराच्या, म्हणजे तो किती किलोवॅट उष्णता देतो त्याच्या, वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. किलोवॅटला १० ने भागा, वर्गमूळ काढा, ०.२३ ने गुणा. उत्तर मीटरमध्ये येते. ७१० किलोवॅटला हे साधारण १.९४ मीटर होते. आता ६०० मिलीमीटर व्यासाची आणि १५०० मिलीमीटर लांबीची भट्टी घ्या. जुन्या, आटोपशीर बांधणीच्या बॉयलरमध्ये अशा भट्ट्या भरपूर आहेत. बाजारातला साधा ७१० किलोवॅटचा बर्नर या भट्टीत जवळजवळ अर्धा मीटर जास्तीची ज्योत घेऊन येतो. भट्टीचे आकारमान ०.४२ घनमीटर, म्हणजे प्रत्येक घनमीटरवर १.६७ मेगावॅटचा भार. प्रदूषण कमी ठेवायचे असेल तर हा भार सव्वा मेगावॅटच्या पुढे गेल्यावर साध्या बर्नरने ते साधणे फार कठीण, असे आमचे मत आहे. त्याच भट्टीत ५०० किलोवॅट जाळले तर भार १.१८ मेगावॅटवर येतो आणि ज्योतीचा अंदाज १.६३ मीटरवर. मग काठावर का होईना, जमण्याची आशा असते, पण वाफ ताशी ७०० किलोच मिळते. मालकाला हे बर्नर घेण्याआधी कळायला हवे.

मोजताना लांबी दारापासून धरू नये. बर्नरच्या तोंडाचे टोक जिथे येणार तिथून मागच्या भिंतीपर्यंतचे अंतर खरे. भट्टीचा पत्रा नागमोडी असेल तर व्यास आतल्या उंचवट्यापासून आतल्या उंचवट्यापर्यंत घ्यावा. लाकडाचा बॉयलर गॅसवर आणताना खालची जाळी आणि विटा काढून टाकल्या नसतील तर त्यांनी अडवलेली जागा वजा करावी.

"मग आखूड ज्योतीचा बर्नर घेऊ", असे कोणीही म्हणेल. अडचण नेमकी इथे आहे. ज्योत आखूड करायचा जुना उपाय म्हणजे हवेला पीळ देणे. बर्नरच्या तोंडाशी तिरक्या पात्यांची चकती असते, तिला आपण डिफ्यूझर म्हणतो. ती पुढे सरकवली की तिच्या कडेची फट अरुंद होते, हवा जोरात फिरते, गॅस झटक्यात मिसळतो आणि ज्योत आखूड, रुंद, कडक होते. सीओ उतरतो. पण सगळी उष्णता थोड्या जागेत एकवटल्याने ज्योतीचा गाभा तापतो, आणि साधारण १५०० अंशांच्या पुढे हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जाऊ लागतो. त्यातून नायट्रोजनची ऑक्साइड्स, म्हणजे 'नॉक्स' तयार होते. तापमान थोडे वाढले तरी नॉक्स भराभर वाढते. डोळ्यांना ही ज्योत सर्वांत सुंदर दिसते: निळी, गच्च, जागेवर स्थिर. म्हणूनच निळी ज्योत म्हणजे स्वच्छ ज्योत हा समज सोडून द्यायला हवा. नॉक्स चिमणीच्या तोंडाशी दिसत नाही. ते पुढे हवेत नायट्रोजन डायऑक्साइड होते, उन्हात ओझोन तयार व्हायला हातभार लावते आणि नायट्रेटच्या सूक्ष्म कणांच्या रूपाने धुरक्यात उतरते. काळा धूर थांबवून अदृश्य धूर सोडला, तर शहराच्या हवेला निम्माच फायदा.

नॉक्स कमी करायचा नेहमीचा मार्ग बरोबर उलटा आहे: ज्योत सैल करा, लांबवा, गॅस टप्प्याटप्प्याने सोडा, भट्टीतलेच जळून थंड झालेले वायू ज्योतीत ओढून घ्या. परदेशी माहितीपत्रकात 'लो नॉक्स' म्हणून जे बर्नर असतात त्यांतले बरेचसे याच तत्त्वावर चालतात आणि त्यांचा छापील आकडा ऐसपैस चाचणी-नळीतला असतो. ईएन ६७६ मध्ये नैसर्गिक वायूसाठी नॉक्सच्या तिसऱ्या वर्गाची मर्यादा किलोवॅट-तासाला ८० मिलिग्रॅम आहे. असा बर्नर आपल्या दीड मीटरच्या भट्टीत बसवला की वायू परत फिरायला जागाच मिळत नाही. नॉक्स छापील आकड्याच्या वर जाते आणि ज्योत मागच्या भिंतीला लागल्याने सीओही वाढतो. पैसे जास्त मोजून दोन्हीकडून तोटा.

आखूड भट्टीत दोन्ही गोष्टी साधायच्या तर आमच्या माहितीत तीन वाटा आहेत.

पहिली वर आलीच: भार कमी करा. स्वस्त आणि खात्रीची. वाफेची खरी गरज मोजली तर पुष्कळ ठिकाणी एक टनाचा बॉयलर दिवसातला बहुतेक वेळ अर्ध्या भारावर चालत असतो.

दुसरी वाट चिमणीतले वायू थोडे परत आणून हवेत मिसळण्याची. जळून गेलेल्या वायूंचा १० ते १५ टक्के भाग फॅनच्या तोंडाशी आणला की ज्योतीचे तापमान उतरते आणि नॉक्स निम्म्याच्या आसपास येऊ शकते. पण हे फुकट होत नाही. आपल्या ७२ घनमीटर गॅसला ताशी सुमारे ८०० घनमीटर हवा लागते. १५ टक्के वायू परत घेतले तर सुमारे २०० घनमीटर गरम, हलका वायू फॅनवर वाढतो. जुन्या फॅनमध्ये तेवढी उसंत नसते. मग हवा कमी पडते आणि फुल फायरला, म्हणजे पूर्ण भारावर, सीओ दिसू लागतो. ज्योतही थोडी लांबते, म्हणजे आखूड भट्टीत हा उपाय पिळाच्या बर्नरसोबतच करायचा, सैल ज्योतीच्या बर्नरसोबत नाही. आणखी एक गोष्ट फिटर मंडळी विसरतात. एक घनमीटर गॅस जळताना १.६ किलो पाणी तयार होते. ७२ घनमीटरचे झाले ताशी ११५ किलो. सकाळी बॉयलर गार असताना परतीच्या पाइपात हेच पाणी साचते, फॅनच्या पंख्यावर गंज चढतो आणि काही महिन्यांत पंख्याचा तोल जातो. म्हणून परतीच्या पाइपाला उतार हवा, सर्वांत खालच्या जागी निचऱ्याचा नळ हवा आणि चिमणीचे तापमान साधारण १०० अंशांच्या वर गेल्याशिवाय परतीचा डँपर (पाइपातली झडप) उघडणार नाही अशी जोडणी हवी.

तिसरी वाट आखूड भट्टीला सर्वांत जवळची: गॅस आणि हवा आधीच पूर्ण मिसळून जाळीदार पृष्ठभागावर जाळायची. लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या बारीक तारांची विणलेली चादर एका पोकळ दंडगोलावर चढवलेली असते आणि तिच्या अंगभर हजारो इवल्या ज्योती लागतात, प्रत्येक काही सेंटीमीटरची. ७१० किलोवॅटला ३०० मिलीमीटर व्यासाचा आणि ६०० मिलीमीटर लांबीचा दंडगोल पुरू शकतो. चौरस मीटरला सव्वा मेगावॅटच्या आसपास भार पडतो. आपल्या ६०० मिलीमीटरच्या भट्टीत त्याच्या चहूबाजूंना १५० मिलीमीटर मोकळी जागा राहते आणि मागची भिंत ज्योतीपासून लांब सुटते. ज्योतीचे तापमान जादा हवेने खाली ठेवलेले असते. धुरात ५ ते ६ टक्के ऑक्सिजन ठेवला की नॉक्स ३० पीपीएमच्या (धुराच्या दहा लाख भागांत ३० भागांच्या) आसपास आणता येते. एक आकडी पीपीएमसाठी ऑक्सिजन ८-९ टक्क्यांपर्यंत न्यावा लागतो.

त्या जादा हवेची किंमत गॅसच्या बिलात दिसते. चिमणीतले वायू खोलीतल्या हवेपेक्षा १७० अंशांनी गरम असतील, तर ३ टक्के ऑक्सिजनला चिमणीतून ७.८ टक्के उष्णता जाते आणि ७ टक्के ऑक्सिजनला ९.५ टक्के. दिवसाला १६ तास, वर्षाला ३०० दिवस पूर्ण भारावर चालणाऱ्या एक टनी बॉयलरला हा फरक वर्षाकाठी सुमारे सहा हजार घनमीटर गॅसचा. म्हणून अशा बर्नरसोबत पाणी तापवणारा इकॉनॉमायझर घेतला नाही तर मालक वर्षभरात कंटाळतो, कोणाला तरी बोलावून हवा कमी करवतो, आणि मग चादर लाल होऊन फाटते.

या चादरीचा खरा शत्रू धूळ. बर्नर जी हवा ओढतो ती सगळी त्या बारीक छिद्रांतून जाते. सूतगिरणीशेजारचे तंतू, मसाल्याच्या कारखान्यातली पूड, बेकरीतला मैदा छिद्रांत बसला की हवा कमी होते, मिश्रण गॅसकडे झुकते आणि चादरीवर ठिपक्याठिपक्यांनी लालसर डाग दिसू लागतात. निरीक्षणाच्या काचेतून तो लाल ठिपका दिसला की बर्नर त्याच दिवशी बंद करावा. पुढची पायरी ज्योत चादरीच्या मागे शिरण्याची असते. हवेचा फिल्टर, फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक पाहणारा स्विच आणि चादरीच्या आत तापमानाचा सेन्सर, या तीन गोष्टी कोटेशनमध्ये नसतील तर ते कोटेशन अपुरे समजावे.

बर्नर योग्य निवडला तरी त्याच्या गॅस-हवेच्या जुळणीत चुका होतात. सर्वांत महागात पडणारी चूक गॅस मीटर वाचण्यातली आहे. भट्टीत खरोखर किती गॅस जळतो हे कळण्याचा एकच भरवशाचा मार्ग म्हणजे मीटर आणि घड्याळ. पण दाब-तापमानाची दुरुस्ती करणारे यंत्र नसलेला मीटर जो घनमीटर दाखवतो तो त्या दाबाचा घनमीटर असतो. तळोज्यात, समुद्रसपाटीला, मीटरपाशी ३०० मिलिबार दाब आणि ३० अंश तापमान असेल तर मीटरवरच्या आकड्याला १.२३ ने गुणल्यावर प्रमाण घनमीटर, म्हणजे ठरावीक दाब-तापमानाचा घनमीटर, मिळतो. पुण्यात, उंचीमुळे हवेचा दाब कमी असल्याने, हाच गुणक १.१७ होतो. ही दुरुस्ती न करता "मीटरवर ७२ आले, झाले" म्हणणारा माणूस तळोज्यात बर्नर २३ टक्के जास्त पेटवून निघून जातो. लांब भट्टीत हे कदाचित खपते. आखूड भट्टीत मागची प्लेट तापते, समोरच्या दाराचा रंग फुगून सोलतो आणि वर्षा-दोन वर्षांत नळ्यांच्या तोंडांमधल्या पत्र्याला केसासारख्या बारीक चिरा पडतात.

उंचीचा परिणाम फॅनवरही होतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, तिथे हवा सहा टक्क्यांच्या आसपास विरळ. पाटीवरचा आकडा समुद्रसपाटीच्या जवळचा असतो. बर्नर काठोकाठ निवडला असेल तर पुण्यात तो कमी पडतो आणि पुन्हा त्रास फुल फायरला सीओच्या रूपाने दिसतो.

ऋतूचे तसेच. जानेवारीच्या पहाटे १२ अंशांना ३ टक्के ऑक्सिजनवर अगदी नेटकी जुळणी केली, बर्नरला ऑक्सिजन पाहून हवा सुधारणारी व्यवस्था नसली, तर मे महिन्याच्या दुपारी ४० अंशांना तोच फॅन वजनाने नऊ टक्के कमी हवा देतो. धुरातला ऑक्सिजन एक टक्क्याजवळ येतो आणि सीओ शेकड्यांत जातो. बर्नर कोणी हलवलेला नसतो, स्क्रूही जागच्या जागी असतात. म्हणून थंडीत जुळणी करताना ऑक्सिजन ४ टक्क्यांवर सोडावा आणि मे महिन्यात एकदा पुन्हा मोजावे.

सीओ दिसला की हवा वाढवायची ही आपल्याकडची सवय आहे. आखूड भट्टीत ती फसवते. हवा वाढवल्यावर सीओ उतरला तर हवाच कमी होती. हवा वाढवल्यावर सीओ चढला, तर ज्योत एक तर भिंतीला लागते आहे किंवा जास्तीच्या हवेने गारठते आहे. मग हवेला हात लावून उपयोग नाही, भार कमी करा किंवा डिफ्यूझरची जागा बदला. पाच-पाच मिलीमीटरने सरकवा आणि प्रत्येक वेळी तीन मिनिटे थांबून मोजा. एकदम वीस मिलीमीटर सरकवले की भट्टी घुमू लागते. तो खोल, पोटात जाणवणारा हुंकार ऐकू आला तर बर्नर तसाच चालू ठेवू नये. काही तासांत गॅसपाइपचे बोल्ट ढिले होतात. पेटवण्याचा भारही एक तृतीयांशाच्या वर नको. छोट्या भट्टीत उशिरा पेटलेला थोडासा गॅसही दारावर मोठा ठोका देतो.

एका प्रकारच्या बॉयलरबद्दल वेगळे सांगायला हवे. ज्याची भट्टी मागून बंद असते आणि वायू मागच्या भिंतीपासून वळून ज्योतीच्या बाजूने पुन्हा पुढे येतात, तो रिव्हर्स फ्लेम बॉयलर. आटोपशीर आणि स्वस्त असल्याने तो लॉन्ड्री, डेअरी, हॉटेल अशा ठिकाणी खूप आहे. इथे परतणारे गरम वायू बर्नरच्या गळ्याशीच येतात. बर्नरची नळी दाराच्या आतल्या विटकामाच्या पुढे पन्नास ते शंभर मिलीमीटर निघालेली हवी. ती विटकामाच्या आतच राहिली तर वायू तिथूनच नळ्यांत शिरतात, भट्टीचा मागचा भाग वाया जातो आणि डिफ्यूझर जळून वाकतो. नळी आणि विटकाम यांमधली फट सिरॅमिक लोकरीने भरावी, सिमेंटने मुळीच नाही. नळी तापून फुगते आणि सिमेंट तडकले की त्या फटीतून ज्योत दाराच्या पत्र्यापर्यंत पोहोचते. आणखी एक फरक: डिझेलची ज्योत पिवळी, उजळ, त्यामुळे भट्टीतच पुष्कळ उष्णता फेकते. गॅसची ज्योत फिकी, ती भट्टीत कमी देते आणि वायू जास्त गरम राहून नळ्यांच्या तोंडावर येतात. डिझेलवर वर्षानुवर्षे टिकलेली नळ्यांची तोंडे गॅसवर त्याच भाराला टिकतीलच असे धरून चालू नये.

बेकऱ्यांकडे येतो, कारण निकड तिथे आहे. लाकडाच्या भट्टीऐवजी जो फिरत्या रॅकचा ओव्हन घेतला जातो त्याच्या मागे स्टेनलेसचा एक छोटा ज्वलनकक्ष असतो आणि त्याच्याभोवतून फिरणारी हवा पावावर जाते. दोन रॅकच्या ओव्हनला ७० किलोवॅटच्या आसपासचा बर्नर लागतो; वरच्या सूत्राने ज्योतीला ६०० मिलीमीटरहून जास्त लांबी हवी. डिझेलचा बर्नर काढून मिळेल तो गॅस बर्नर लावला आणि ज्योत कक्षाच्या मागच्या पत्र्यावर एकाच जागी आपटत राहिली, तर तो पत्रा लाल होतो, फुगतो आणि वेल्डच्या कडेला फाटतो. ती चीर पडली की जळलेले वायू थेट पावाच्या हवेत आणि दार उघडणाऱ्या कारागिराच्या नाकातोंडात जातात. वर्षातून दोनदा बर्नर काढून, आत टॉर्च टाकून मागच्या पत्र्यावरचा रंग पाहावा. एकाच जागी काळपट-करडा गोल आणि भोवती खवले दिसले तर ज्योत तिथे लागते आहे. ओव्हनच्या खोलीत सीओचा अलार्म बसवायला फार पैसे लागत नाहीत. तो प्रत्येक बेकरीत असलाच पाहिजे.

आता मोजणीबद्दल. जुळणीनंतर मालकाच्या हातात जो कागद येतो त्यावर बहुधा एकच आकडा असतो, तोही फुल फायरचा. नॉक्सचा तर नसतोच, कारण पुष्कळ सर्व्हिसवाल्यांच्या धूर मोजण्याच्या यंत्रात त्याचा सेन्सर बसवलेला नसतो. असला तरी आकडा जसाच्या तसा घेऊ नये. धुरात हवा जास्त असली की नॉक्स पातळ दिसते. यंत्राने ७ टक्के ऑक्सिजनला ४० पीपीएम दाखवले, तर तुलनेसाठी धरतात त्या ३ टक्के ऑक्सिजनच्या पायावर ते ५१ पीपीएम होते: २१ मधून मोजलेला ऑक्सिजन वजा करायचा, १८ ला त्या उत्तराने भागायचे आणि वाचलेल्या आकड्याला गुणायचे. पीपीएमचे मिलिग्रॅम करायला २.०५ ने गुणले की घनमीटरला १०५ मिलिग्रॅम. युरोपीय संघाच्या २०१५ च्या निर्देशात १ मेगावॅट आणि त्यावरच्या नव्या गॅस बॉयलरसाठी याच पायावर १०० ची मर्यादा आहे. म्हणजे चांगला वाटलेला ४० चा आकडा तिथे नापास झाला असता. बीजिंगने तर एप्रिल २०१७ पासून नव्या गॅस बॉयलरना ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आणि तिथे छोट्या भट्ट्यांतूनही ती पाळावी लागते. तंत्र उपलब्ध आहे. आपण ते मागत नाही.

आमची मागणी फार मोठी नाही. गॅसवर येण्याची परवानगी देताना किंवा गॅसजोडणीच्या अर्जात बर्नरच्या क्षमतेशेजारी दोन रकाने वाढवावेत: भट्टीचा आतला व्यास आणि बर्नरच्या तोंडापासून मागच्या भिंतीपर्यंतची लांबी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने इंधनबदलाची नोंद घेताना धूर मोजण्याच्या यंत्राची छापील पट्टी मागावी, ज्यात लो फायर, मधला भार आणि फुल फायर अशा तिन्हींना ऑक्सिजन, सीओ आणि नॉक्स असेल, आणि प्रत्येक भाराला मीटरवरून काढलेला प्रमाण घनमीटर लिहिलेला असेल. सीओ ५० पीपीएमच्या आत नसेल तर जुळणी अपुरी समजावी. बाष्पके संचालनालयाच्या बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेत पाण्याची पातळी, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि ब्लोडाउनवर (बॉयलरमधले गाळाचे पाणी सोडण्यावर) जेवढा भर असतो तेवढाच भर धुराची पट्टी वाचण्यावर असावा. रोज बर्नरसमोर उभा राहतो तो अटेंडंट. सेवा देणारा वर्षातून दोनदा येतो.

आणि ज्या मालकांनी बर्नर आधीच बसवला आहे त्यांना विनंती: बॉयलर पुढच्या वेळी तपासणीसाठी उघडाल तेव्हा भट्टीत शिरणाऱ्या माणसाच्या हातात टेप आणि खडू द्या. मागच्या भिंतीवर ज्योत लागल्याचा डाग असेल तर खडूने त्याची कड आखून फोटो काढा, भट्टीची लांबी-व्यास त्याच फोटोवर लिहा, आणि बर्नर पुरवणाऱ्याला तो फोटो पाठवून भार किती ठेवायचा हे लेखी मागा.

आपले नम्र,
बर्नर व बॉयलरच्या जुळणी-देखभालीच्या कामातील काही तंत्रज्ञ,
भोसरी, पुणे